आतला टायर

दहाटायरी गाडीच्या मागच्या आठ टायरांपैकी चार आतले असतात. ते आरशात दिसत नाहीत आणि पंक्चर झाले तरी गाडी लगेच ओढत नाही. पुढचा टायर बसला तर स्टेअरिंगच सांगतं. मागचा बाहेरचा बसला तर शेजारून जाणारा एखादा भला माणूस हात काढून खुणावतो. आतला बसला की त्याचा जोडीदार मुकाट्याने दोघांचं ओझं उचलतो, आणि बराच वेळ कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून आमच्या लाइनीत दर थांब्याला टामी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी कांब, घेऊन गाडीभोवती एक चक्कर मारायची पद्धत आहे. भरलेल्या टायरवर टामी मारली की ती उसळते, हाताला झटका बसतो आणि आवाज टणक येतो. हवा गेलेल्यावर ती भद्दकन बसते. बाहेरच्या टायरला मारणं सोपं असतं. आतल्यासाठी वाकून, फटीतून नेम धरावा लागतो. क्लीनर पोरं कंटाळा करतात ती नेमकी तिथे.

मी येवल्याचा. गाडी एकच. तिच्यावर एक मामा ड्रायव्हर आहेत, माझ्यापेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठे. कांद्याच्या हंगामात लासलगावहून बेंगळुरूच्या यशवंतपूर बाजारात माल जातो तेव्हा दुसरा ड्रायव्हर म्हणून मीच बसतो. हजारेक किलोमीटरचा पल्ला आहे. नगर, करमाळा, टेंभुर्णी, सोलापूर, विजापूर, होस्पेट, चित्रदुर्ग, तुमकूर. कांदा गोणीत घाम धरतो, त्यामुळे वाटेत गाडी उभी राहिली की भाड्यापेक्षा मालाची काळजी जास्त. व्यापाऱ्याचे फोन सुरू होतात ते वेगळंच.

गाडी किती कडेवर चाललेली असते याचा हिशेब टायरवरच लिहिलेला असतो. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली. तीन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेलं, आणि मागच्या जोड-ॲक्सलला 19 च्या जागी 21 टन मिळाले. गाडीमालकांना बरं वाटलं. आता 21 टनांना आठने भागा. एका टायरवर 2625 किलो येतात. आमच्या 10.00 आर 20 मापाच्या, 16 प्लायच्या रेडियलवर कडेला 146/143 के असं छापलेलं असतं. 146 म्हणजे टायर एकटा असेल तर 3000 किलो, 143 म्हणजे जोडीत असेल तर 2725 किलो, आणि के म्हणजे ताशी 110 किलोमीटरपर्यंतचा वेग. म्हणजे नियमात बसवून भरलेल्या गाडीतही जोडीतल्या टायरजवळ उरतात 100 किलो, कांद्याच्या दोन गोण्या. त्यातल्या एकाची हवा गेली तर दुसऱ्यावर सव्वापाच टन. जोडीतला एक पंक्चर झाला तर खरी भीती असते ती उरलेल्याची.

एका रात्री हे दोन्ही, पंक्चर आणि उरलेल्याची भीती, बघायला मिळालं. मे महिना, उन्हाळ कांदा, दिवसभर तापलेला रस्ता. सोलापूर मागे पडलं, भीमेचा पूल ओलांडला आणि झळकीच्या अलीकडे एका ढाब्यावर चहाला थांबलो. क्लीनर पोराने चक्कर मारली आणि हाक दिली, "मामा, मागचा डावा आतला गेलाय." मामा टामी घेऊन स्वतः गेले, दोनदा मारून पाहिली. मग त्यांनी बाहेरच्या टायरवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. चटका बसावा इतका तो तापला होता. टायर गरम होणं हे नेहमीचंच, पण शेजारच्या ॲक्सलचे टायर कोमट आणि हा असा, म्हणजे बराच पल्ला त्याने एकट्याने ओढला होता. मामांनी त्यावर पाणी मारू दिलं नाही. "थंड होऊ दे आपल्या मनानं," म्हणाले.

अठरा टन माल असलेल्या गाडीचा आतला टायर बदलणं हे रस्त्याच्या कडेला करायचं काम नाही, पण तेच करावं लागतं. जॅकखाली जाड फळी नसेल तर जॅक मुरुमात रुततो. पान्ह्याला लोखंडी पाइप चढवून दोघांनी वजन टाकलं की नट करकरतो. आमच्या जुन्या गाडीला डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे होते. नवखा माणूस सोडवण्याऐवजी आवळत बसायचा आणि बोल्ट तोडायचा. या गाडीला ती भानगड नाही. आधी बाहेरचा उतरवायचा, मग आतला, मग स्टेपनी आत, मग पुन्हा बाहेरचा. घामाने निथळत पाऊण-एक तास जातो. दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर कोणीतरी थांबतो, मदत करतो, नावही न विचारता निघून जातो. हे अजून टिकून आहे.

स्टेपनीला आमच्याकडे नायलॉनचा रिमोल्ड, म्हणजे जुन्या अंगावर नवी नक्षी चढवलेला टायर, होता. बाकी सगळे रेडियल. रेडियलच्या जोडीला नायलॉन लावायचा नसतो. रेडियलची कड मऊ, ती ओझ्याखाली फुगते. नायलॉन ताठ, तो दबत नाही, त्यामुळे ओझं सगळं त्याच्यावर जातं. म्हणून मामांनी चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. विजापूरच्या बाहेर बायपासला एका टायरवाल्यापाशी आलो तेव्हा उजाडत होतं.

दुकान केरळच्या माणसाचं. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात हायवेला टायरचं काम करणारे कितीतरी जण तिकडचे. दक्षिणेकडचा प्रत्येक माणूस आमच्यासाठी अण्णाच, त्याला इलाज नाही. अण्णा लुंगी वर खोचून, ब्रशने दात घासत आला. बाजूला अर्धं कापलेलं पिंप पाण्याने भरलेलं, मागे टायरांची थप्पी. त्याने डिस्क आडवी टाकली, दोन टाम्यांनी लॉकरिंग उचकटून काढली, घण मारून टायरची कड सोडवली आणि ट्यूब ओढून काढली. खिळा सापडला. दोन इंची, साधा, पॅकिंगच्या खोक्याला असतो तसला. टायरला पडलेलं भोक इतकं बारीक की आत आगकाडीसुद्धा जाईना.

मामा म्हणाले, "एवढंच? पॅच मार, नवी ट्यूब टाक, आम्ही निघतो."

अण्णाने उत्तर दिलं नाही. टायर उभा केला, गदागदा हलवला आणि तिरपा केला. आतून जमिनीवर काळा भुगा पडला, ओंजळभर. चहापत्तीसारखा बारीक. त्याने तो चिमटीत घेऊन चोळला आणि आम्हाला दाखवला. मग एक सुती फडकं हाताला गुंडाळून टायरच्या आतून कडेकडेने फिरवलं. एका जागी फडकं अडकलं. ओढलं तर दोरे निघाले. तिथे टॉर्च मारली. आतल्या रबरावर एक सलग सुरकुती, टायरच्या गोलाईला धरून वीतभर लांब, आणि तिच्यातून केसाएवढं तारेचं टोक बाहेर.

भुगा म्हणजे टायरचंच आतलं रबर. हवा नसताना कड दुमडत राहते, आतला भाग एकमेकांवर आणि ट्यूबवर घासतो, तापतो आणि गळून पडतो. रेडियलच्या कडेत पोलादी तारांचा एकच थर असतो. तारा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडव्या, एकमेकींना समांतर जातात. दर फेऱ्याला त्याच जागी दुमडून तारा थकतात. एक तुटली की शेजारच्या तारेवर ताण येतो. मग पुन्हा हवा भरताना, साठ-सत्तरच्या दाबाला आतून तटतट आवाज येतो आणि सगळी ओळ एका दमात उलगडते. एकशे वीसच्या आसपास हवा घेणारा टायर तोंडाजवळ फुटला तर काय होतं ते या धंद्यातल्या लोकांनी पाहिलेलं आहे. अण्णा मोडक्या हिंदीत एवढंच बोलला, "हवा मी भरणार. फुटेल तेव्हा समोर मी असेन, तुम्ही नाही." आणि टायर बाजूला लोटला.

मामांना पटलं नाही. त्यांची सगळी हयात नायलॉनवर गेलेली. नायलॉनमध्ये धाग्यांचे अनेक थर एकमेकांना छेद देत बसवलेले असतात. एखादा थर कापला तरी बाकीचे धरून ठेवतात, आतून जाड गेटर, म्हणजे टायरच्याच तुकड्याचं ठिगळ, लावला की टायर आणखी दोन-चार महिने चालतो. "रेडियल म्हणजे श्रीमंताचं पोर," ते पुटपुटत राहिले. खरं तर रेडियल जास्त चालतो, थंड चालतो, डिझेल वाचवतो. पण हवेशिवाय चालवलेलं त्याला खपत नाही. खिळा त्याला मारत नाही. खिळा लागल्यावर तो किती किलोमीटर धावला, यावर सगळं ठरतं.

जोडीदाराचीही तपासणी झाली. बाहेरचा टायर अण्णाने त्याच फडक्याने आतून चाचपला, बाहेरून कडेवर तळवा फिरवून गुठळी लागते का पाहिलं. तो वाचला होता. त्याची खोली मोजली, नक्षीच्या खाचेत साडेआठ मिमी उरले होते.

इथे टायर निवडायचा प्रश्न आला, आणि तो नेहमी असाच येतो, नको त्या गावात, नको त्या वेळी, माल भरलेला असताना. अण्णाकडे नवा रेडियल होता, किंमत वीस हजारांच्या वर. पैशाची सोय झाली असती. पण नव्या लगची, म्हणजे आडव्या ठोकळ्यांच्या नक्षीच्या टायरची, खोली साधारण अठरा मिमी असते. साडेआठच्या जोडीला अठरा लावला तर त्रिज्येत साडेनऊ मिमीचा फरक, व्यासात एकोणीस. या मापाच्या जोडीत व्यासाचा फरक अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे बारा-तेरा मिमीपेक्षा जास्त नको असा नियम आहे. दोन्ही चाकं एकाच हबला बांधलेली, एकाच वेगाने फिरणार. मोठा टायर ओझं घेणार, लहान नुसता घासत जाणार. थोडक्यात, नवा टायर आणून त्याला पहिल्याच दिवशी ओव्हरलोड करायचं. पैसे खर्चून केलेलं नुकसान हे फुकट झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त झोंबतं.

म्हणून जुना, पण जोडीला शोभेल असा रेडियल शोधायचा ठरलं. थप्पीतून अण्णाच्या पोराने एक काढला. नक्षी झकास, काळाभोर, चकचकीत. मी कडेवरचे चार आकडे शोधले. अंडाकृती चौकटीत असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर आठ वर्षांचा निघाला. लगांच्या मधल्या खाचेत नख घातलं तर बारीक भेगा उघडल्या. चकाकी पॉलिशची होती. कुठल्या तरी गाडीच्या स्टेपनीला वर्षानुवर्षं उन्हात लटकलेला असणार. न झिजलेला टायर म्हणजे चांगला टायर नव्हे. रबर नुसतं पडून राहूनही म्हातारं होतं.

दुसरा दिसायला साधा, खोली आठच्या थोडी वर, वय तीन वर्षं. आत मधल्या पट्ट्याला एक मश्रूम पॅच. मधल्या भागातला पॅच चालतो, तिथे पोलादी पट्टे असतात आणि टायर तिथे दुमडत नाही. तोच पॅच कडेला असता तर घेतला नसता. कडेवर जुन्या नंबराचे डाग घासून काढल्याच्या खुणा नव्हत्या, तेही पाहिलं, कारण हायवेवर विकायला आलेला प्रत्येक टायर मालकाच्या मर्जीनेच विकलेला असतो असं नाही. टायर टामीने ठोकून, फडकं फिरवून घेतला. आठ हजारांवरून सौदा सुरू झाला आणि साडेसहाला तुटला, मेलेला टायर अण्णाने ठेवून घ्यायचा या अटीवर. त्याचं तो काय करणार ते विचारलं नाही. बैलगाडीच्या चाकाला पट्टे, बादली, हे सगळं जुनं झालं. आता बराचसा माल भट्टीत तेल काढायला जातो म्हणतात.

अण्णाने पंक्चर झालेली ट्यूबही फेकली नाही, ती शेकून दिली. ट्यूब कानशीने घासायची, सोल्यूशन लावायचं, कच्च्या रबराचा तुकडा ठेवायचा आणि वर शिकंजा आवळायचा. शिकंज्याच्या डोक्यावर जुन्या इंजिनाचा पिस्टन, त्याच्या वाटीत थोडं रॉकेल ओतून काडी लावली. ते जळून विझेपर्यंत पॅच शिजतो. पुढे वीज आली, यंत्रं आली, तरी हा पिस्टन अजून कुठे कुठे दिसतो आणि त्याने लावलेला पॅच उखडलेला मी पाहिला नाही. ट्यूब पिंपात बुडवून बुडबुडे पाहिले, शंखजिऱ्याची पूड मारली, फ्लॅप नीट बसवला. फ्लॅपकडे कोणी लक्ष देत नाही. डिस्क आणि ट्यूब यांच्या मधली ती रबरी पट्टी फाटकी असली की पुढचं पंक्चर खिळ्याशिवाय होतं. हवा भरताना अण्णाने लॉकरिंगची बाजू जमिनीकडे केली, डिस्कला साखळी बांधली आणि लांब नळी धरून उभा राहिला. रिंग उडून माणसं गेलेली आहेत. त्यामुळे साखळी न बांधणाऱ्या दुकानात हवा भरायला मी थांबत नाही, कितीही घाई असली तरी.

लिलाव चुकला. माल दुसऱ्या दिवशी गेला. व्यापाऱ्याने थोडी कापाकापी केली, ते चालायचंच.

घरी आल्यावर निवड निवांत करता येते, आणि खरी निवड तीच. टायर दुकानात एकेकटा विकत घेऊ नये, जोडीने घ्यावा. नवी जोडी पुढे. पुढे रिमोल्ड कधीच नाही. पुढच्या टायरला जोडीदार नसतो, तो फुटला तर गाडी हातात राहत नाही. पुढे रिब, म्हणजे सरळ पट्ट्यांची नक्षी, कारण ती वळायला हलकी आणि झिजायला सावकाश. हौसिंगच्या ॲक्सलला लग, ओढ तिथे लागते. पुढची जोडी अर्धी झिजली की मागे डमीला, म्हणजे न ओढणाऱ्या ॲक्सलला, जाते, आणि नव्या जोडीला पुढे जागा होते. कायद्याने खोली 1.6 मिमीपर्यंत चालते. त्या आकड्यापर्यंत थांबणारा माणूस केसिंग, म्हणजे टायरचं अंगच, गमावतो. चार मिमीला उतरवला तर टायरचं अंग शाबूत असतं आणि रिमोल्डवाला ते आनंदाने घेतो. कोल्ड रिमोल्डमध्ये जुनी नक्षी घासून काढतात, आधीच पिकवलेला नक्षीचा पट्टा कच्च्या रबराच्या थराने चिकटवतात आणि बंद टाकीत शेकतात. नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यात काम होतं. अडचण एकच, आपला केसिंग आपल्याला परत मिळतो का. म्हणून टायर घेतला की त्याचा नंबर, तारीख, कुठल्या जागी लावला ते मी वहीत लिहितो. क्लेम करायचा झाला तरी वही आणि बिल लागतं. कंपनीचा माणूस येतो, उरलेली खोली मोजतो, तेवढ्या हिश्श्याचे पैसे देतो, आणि आत भुगा दिसला तर हात जोडून निघून जातो. त्याचं चुकत नाही.

2015 च्या सुमारास चिनी रेडियल इतके स्वस्त आले होते की रिमोल्डच्या भावात थोडी भर घातली तर नवा टायर मिळायचा. आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी गाड्या भरून घेतले. 2017 मध्ये सरकारने अँटी-डंपिंग ड्यूटी लावली आणि ती चैन संपली. काहींचे चांगले चालले, काहींचे नाही. त्यांचे केसिंग मात्र रिमोल्डवाले नाखुशीने घ्यायचे.

सगळ्यांना एकच टायर सांगता येत नाही. आमच्या शेजारी उसाची वाहतूक आहे. त्यांची गाडी शेताच्या बांधावरून, खडी-मुरुमातून चालते, वेग नाही, पल्ला नाही. त्यांच्याकडे रेडियलची कड दगडाने कापते. ते नायलॉन लगच वापरतात आणि बरोबर करतात. उलट समृद्धी महामार्गावर नायलॉन घेऊन जाणं मला नको वाटतं. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला तेव्हा आम्ही हौसेने गेलो. सरळसोट काँक्रीट, ना वळण, ना चहा, आणि त्या दिवसांत थांबायला धड जागाही नव्हती. पुढे टायर फुटण्याचे प्रकार झाले, मग प्रवेशाच्या नाक्यांवर टायर तपासायला सुरुवात झाली. तेव्हा ड्रायव्हर मंडळींनी एक शहाणपणा सुरू केला, ऊन आहे म्हणून हवा कमी भरायची. हवा कमी तर कड जास्त दुमडते, कड दुमडते तर टायर जास्त तापतो. दुपारी धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, तो तसाच असायला हवा, त्यातून हवा काढायची नाही. मोजायचं पहाटे, गाडी निघण्याआधी, आणि स्टेपनीसकट. हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "भाऊ, तू वहीत लिही, मी टामी मारतो."

सध्या पुढची जोडी पाच मिमीवर आलीय. लाल कांदा सुरू व्हायच्या आत बदलायची आहे. मला रेडियल रिब घ्यायची आहे, तीही ट्यूबलेस, म्हणजे डिस्कही बदलाव्या लागतील, मापही 295/80 आर 22.5 होईल आणि स्टेपनी दोन ठेवाव्या लागतील. मामांचं म्हणणं, झळकीजवळ रात्री दोन वाजता ट्यूबलेसच्या काठाला हवा धरवणारा माणूस दाखव, मग घेऊ. गेल्या रविवारी येवल्यातल्या डीलरकडे आम्ही दोघं बसून आलो. त्याने दोन कप चहा पाजला आणि पुढच्या महिन्यात भाव वाढणार असं सांगितलं. तो दर महिन्याला हेच सांगतो.